इंग्लंडमध्ये भाड्याच्या फ्लॅटमध्ये सगळं हीटिंग विजेवर आहे. सासू-सासरे आल्यापासून महिन्याचं बिल २८० पाउंडांवर गेलंय. तेलाचा (आत तेल भरलेला, विजेवर चालणारा) हीटर घेतला तर कमी होईल का?

नाही होणार. हवा तर घ्या, पण बिल कमी होईल म्हणून घेऊ नका. साध्या विजेच्या हीटरमध्ये एक युनिट वीज गेली की एक युनिट उष्णता मिळते. मग तो वीस पाउंडांचा पंख्याचा असो, तेलाचा असो, नाहीतर 'इको' असं लिहिलेला दीडशे पाउंडांचा असो. तेलाचा हीटर बंद केल्यावर थोडा वेळ गरम राहतो हे खरं, पण तापायलाही त्याने तेवढा वेळ घेतलेला असतो.

तुमच्या प्रश्नातलं मला लागलं ते 'सासू-सासरे आल्यापासून' हे. हे शब्द आमच्या घरात बारा वर्षांपूर्वी बोलले गेलेत, माझ्या आईबद्दल. म्हणून लिहायला बसले.

२०१३ च्या सप्टेंबरात आम्ही लीड्सला कालव्याकाठच्या एका जुन्या गिरणीच्या इमारतीत भाड्याने राहायला गेलो. उंच छत, मोठ्या खिडक्या, इमारतीत गॅसच नाही. हॉलमध्ये ३.४ किलोवॅटचा स्टोरेज हीटर, बेडरूममध्ये १.७ चा, आणि दाराजवळच्या कपाटात २१० लिटरची पाण्याची टाकी. त्याच कपाटात मीटर. वीज 'इकॉनॉमी सेव्हन'वर, म्हणजे रात्रीचे सात तास स्वस्त आणि उरलेला दिवस महाग. ही पद्धत तिकडे १९७८ पासून आहे. हीटरच्या पोटातल्या जड विटा रात्री तापवून ठेवायच्या आणि दिवसभर त्यांची ऊब वापरायची. टाकीही रात्रीच तापायची; दिवसा पाणी तापवायचं तर 'बूस्ट'चा खटका दाबायचा. एजंटने चाव्या दिल्या, हीटर कसा चालतो ते सांगितलं नाही. हीटरवरच्या दोन्ही बटणांचे आकडे पुसलेले होते.

नोव्हेंबरात आई कऱ्हाडहून आली, माझ्या बाळंतपणासाठी. डिसेंबरात मुलगी झाली. तिकडे डिसेंबरात सकाळी आठ वाजून गेले तरी उजाडत नाही आणि दुपारी पावणेचारला दिवस मावळतो. अशा काळोखात आईने सगळं केलं. बाळाची मालिश, अंघोळ, माझं अंग चोळणं, कढत पाण्याचा शेक.

आमच्या कऱ्हाडच्या घरी मागच्या पडवीत तांब्याचा बंब होता. पहाटे उठून आई त्यात ढलप्या आणि शेणकुटं घालायची. बंब पेटलाय तोवर सगळ्यांनी अंघोळी उरकायच्या, हा घरचा कायदा. त्यामुळे ती टाकी तिला दोन दिवसांत समजली. "हा विजेचा बंब आहे. रात्री पेटतो, दिवसा विझतो," ती म्हणाली. आणि एकदा जानेवारीत, रात्री बाळाला घेऊन हॉलमध्ये बसलेली असताना, "साडेबाराला त्या कपाटात काहीतरी खट्ट वाजतं गं, रोज." मी म्हटलं, असेल काहीतरी. झोपेने माझे डोळे मिटत होते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात तीन महिन्यांचं बिल आलं. स्टँडिंग चार्ज (वीज वापरा-न वापरा, लागणारा ठरलेला आकार) आणि ५ टक्के व्हॅट धरून ६९२ पाउंड. तेव्हा पाउंड शंभर रुपयांच्या आसपास होता. नवऱ्याने बिल टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "आई आल्यापासून दिवसभर टाकीचा बूस्ट चालू असतो, दुसरं काय होणार?" आवाज चढवून नाही, अगदी सहज. पण आई स्वयंपाकघरात होती आणि फ्लॅट केवढा असतो ते तुम्हाला माहीत आहे.

ती मला फक्त एवढंच म्हणाली, "सत्तर हजार?" आणि दुसऱ्या दिवसापासून तिने बूस्टला हात लावला नाही. बाळासाठी पातेल्यात पाणी तापवायची. स्वतः अर्ध्या बादलीत, कोमट पाण्याने. दुपारी दोन स्वेटर आणि वर शाल घेऊन बसायची. हॉलचा हीटर तिने स्वतःच कमी केला होता, हे मला एप्रिलमध्ये कळलं. एप्रिलच्या शेवटी ती परत गेली. आपल्यामुळे लेकीच्या घरी सत्तर हजारांचा खड्डा पडला, असं मनात धरून गेली.

मे महिन्यात एका रात्री मी बाळाला पाजत हॉलमध्ये बसले होते आणि कपाटात खट्ट वाजलं. घड्याळात दीड. आईने साडेबारा सांगितलं होतं. मार्चअखेर तिकडे घड्याळं एक तास पुढे करतात आणि जुन्या मीटरचं घड्याळ तसंच राहतं, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी फक्त वाटलं की आई चुकीचं सांगणार नाही, मग वेळ कशी बदलली? उठून कपाट उघडलं. मीटरवर आळीपाळीने दोन रीडिंग दिसायची, नंबर १ आणि नंबर २. खट्ट वाजलं म्हणजे रात्रीचे स्वस्त तास सुरू झाले होते. टाकी तापायला लागली होती आणि १ नंबरचा आकडा भराभर पुढे सरकत होता. मी बिल काढलं. बिलावर लिहिलं होतं: १ म्हणजे दिवस, २ म्हणजे रात्र.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी कपड्यांचं मशीन लावून बघितलं. २ नंबर पुढे गेला.

म्हणजे मीटर बरोबर मोजत होतं, पण कंपनीच्या नोंदीत दिवस आणि रात्र उलट्या चढल्या होत्या. आमची रात्रीची वीज दिवसाच्या दराने आकारली जात होती.

हिशेब देते, कारण हिशेबाशिवाय आमच्या घरात कुणी ऐकत नाही. त्या ९० दिवसांत रात्रीची ३,६०० युनिटं, दिवसाची ९००. दिवसाचा दर १६ पेन्स, रात्रीचा ७. योग्य बिल: २५२ अधिक १४४, म्हणजे ३९६ पाउंड. आम्हाला लावलेलं: ५७६ अधिक ६३, म्हणजे ६३९. वर स्टँडिंग चार्ज आणि व्हॅट. एका हिवाळ्यात २४३ पाउंड नुसत्या उलट्या नोंदीचे.

आणि आईचा बूस्ट? तो ३ किलोवॅटचा. रोज एक तास धरला तर ९० दिवसांत २७० युनिटं, १६ पेन्सने ४३ पाउंड. पण ती वीज दिवसाची, आणि आमच्या बिलात दिवसाची वीज ७ पेन्सने लागत होती! आईचा बूस्ट त्या बिलात १९ पाउंडांना पडला होता. घरात सगळ्यात स्वस्त वीज वापरली असेल तर तिने.

बूस्ट लागायचा तरी का? सकाळी सातला वीस मिनिटं शॉवर कोण घ्यायचं? शॉवर मिनिटाला दहाएक लिटर सहज ओढतो. रात्रभर तापलेली टाकी साडेसातला निम्मी थंड झालेली असायची. अकरा वाजता बाळाच्या आणि बाळंतिणीच्या अंघोळीला पाणी कुठून येणार? आई एका बादलीत अंघोळ करायची, वीस लिटर. हे मी नवऱ्याला तेव्हाही सांगितलं. तो म्हणाला, "पण आई बूस्ट लावत होत्या की नाही?" पुढे कितीतरी वर्षं चार मित्र जमले की 'सासूबाईंची सत्तर हजारांची अंघोळ' हा किस्सा तो सांगायचा आणि लोक हसायचे. मी प्रत्येक वेळी आकडे सांगितले. किस्सा लक्षात राहतो, आकडे राहत नाहीत. म्हणून ते इथे लिहून ठेवतेय.

पैसे परत मिळायला ऑगस्ट उजाडला. कंपनी आधी म्हणाली, आमची नोंद बरोबर आहे. मी आठ दिवस सकाळ-संध्याकाळ मीटरच्या दोन्ही आकड्यांचे फोटो काढले, वेळेसकट पाठवले, आणि लिहिलं की आठ आठवडे झाले की मी ऑम्बड्समनकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे जाणार. मग हालचाल झाली. मागच्या-पुढच्या तिमाह्या धरून ३९० पाउंड जमा झाले.

आता तुमचं. तुम्ही हे लिहिलंच नाही की हीटर स्टोरेजचे आहेत की भिंतीवरचे पातळ पॅनेल. जाडजूड, हलवता न येणारे आणि दोन बटणांचे असतील तर स्टोरेज. मग आधी बिलावर दोन दर आहेत की एकच ते बघा. स्टोरेज हीटर आणि एकच दर, हे भाड्याच्या फ्लॅटमध्ये पुष्कळ वेळा सापडतं. आधीच्या भाडेकरूने किंवा कंपनीने प्लॅन बदललेला असतो आणि तुम्ही रात्री महागाची वीज विटांमध्ये भरत बसता. बिल तुमच्या नावावर असेल तर कंपनी आणि प्लॅन बदलायचा हक्क तुमचा आहे, एजंट काही म्हणो. मीटर बदलायचं असेल तर मात्र घरमालकाला आधी कळवा. बिल मालकाच्या नावावर असून तो तुमच्याकडून वसूल करत असेल, तर त्याला स्वतःला पडलेल्या दरापेक्षा जास्त लावता येत नाही. त्याच्याकडून मूळ बिल मागा.

दोन दर असतील तर आमच्यासारखी तपासणी करा. दुपारी किटली किंवा मशीन लावून कुठला आकडा हलतो ते बघा, मग रात्री बघा. रीडिंगपुढे 'अंदाजे' अशी खूण असेल तर त्या बिलावरून घरात कुणाशीही बोलू नका, आधी खरं रीडिंग पाठवा. मीटरशेजारी रेडिओ संदेशावर चालणारी जुनी पेटी असेल तर तिची चौकशी करा. तो संदेश बीबीसीच्या लाँगवेव्हवरून यायचा आणि ३० जून २०२५ पासून ती व्यवस्था टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतली. मीटर बदलून देतात तेव्हा दिवस-रात्रीची नोंद पुन्हा तपासा.

हीटरच्या दोन बटणांपैकी 'इनपुट' म्हणजे रात्री किती भरायचं, 'आउटपुट' म्हणजे दिवसा किती सोडायचं. झोपताना आउटपुट बंद पाहिजे, नाहीतर विटा तापतात तसतशी ऊब रात्रीच निघून जाते आणि संध्याकाळी सहाला घर गार. मग माणूस दिवसाच्या दराने दुसरा हीटर लावतो. तुमच्याकडे तेलाच्या हीटरचा विचार इथूनच आला असावा असा माझा अंदाज आहे.

भिंतीवरचे पॅनेल असतील तर माझ्याकडे फारसं सांगण्यासारखं नाही. तिकडे विजेचं युनिट गॅसच्या साधारण चौपट महाग, त्यामुळे ते घर महागच पडणार. घराची ऊर्जेची श्रेणी सांगणारं एनर्जी सर्टिफिकेट बघा. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२० च्या एप्रिलपासून, काही सवलती सोडल्या तर, 'ई'पेक्षा खालच्या श्रेणीचं घर भाड्याने देता येत नाही. त्याच्या खाली असेल तर मालकाशी बोलायला तुमच्याकडे मुद्दा आहे.

आणखी एक, हे आधी लिहायला हवं होतं. बूस्ट महाग असतोच. नोंद बरोबर असेल तर तो दिवसाच्या दराने लागतो आणि चुकून दिवसभर चालू राहिला तर बिल खरंच वाढतं. सासू-सासरे दिवसभर घरी असतील तर आधीपेक्षा वीज जास्त लागणार, हेही खरं. दोघं कामावर गेल्यावर रिकामं राहणारं घर आता भरलेलं आहे. पण म्हणून त्यांना थंडीत बसवू नका. जागतिक आरोग्य संघटना थंडीत घरात किमान १८ अंश सांगते, आणि वयस्कर माणसांना त्याहून जास्त ऊब लागते. त्यांच्यासाठी विजेचं ब्लँकेट घ्या, शंभर वॉटच्या आसपासचं. दहा तासांना एक युनिट. त्याने खोली तापत नाही, माणूस तापतो.

आई २०१९ मध्ये पुन्हा आली. तोवर आम्ही गॅसच्या घरात गेलो होतो, नळ सोडला की गरम पाणी. नोंद उलटी होती, पैसे परत मिळाले, हे तिला मी २०१४ मध्येच फोनवर सांगितलं होतं, आकड्यांसकट. तरी पहिल्या सकाळी ती न्हाणीघराच्या दारात टॉवेल घेऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, "खटका दाबू का गं? का राहू दे?"

तुमच्या सासूबाईंना रात्री झोप येत नसेल तर विचारा, मीटरच्या कपाटात आवाज किती वाजता येतो. त्यांनी सांगितलेल्या वेळी दोघांनी उठून आकडे बघा, आणि रीडिंगचे फोटो त्यांनाही दाखवा.