‘पूर्वानुमान प्रतिकूल’ म्हणजे काय?

दारव्ह्याकडच्या एका आशाताईंचा प्रश्न आहे. जठराच्या कॅन्सरवरच्या माहितीपत्रकात ‘रक्तवाहिनी वृद्धिघटक वाढलेले असल्यास पूर्वानुमान प्रतिकूल’ असं वाक्य होतं. गावात वाचून दाखवलं, तर एक आजोबा म्हणाले, “म्हंजे पाऊस येईन का नाई?” हे सोपं करून कसं सांगावं?

ताई, आजोबांचं काही चुकलं नाही. हिंदीत हवामानाचं ‘पूर्वानुमान’ असतं, आपण ‘अंदाज’ म्हणतो. इथे मूळ शब्द प्रोग्नोसिस. ग्रीकमध्ये प्रो म्हणजे आधी, ग्नोसिस म्हणजे जाणणं. आपल्या ‘ज्ञा’ धातूचा चुलतभाऊच. काही जण त्याला ‘निदान’ म्हणतात, ते मात्र साफ चूक. निदान म्हणजे रोग कोणता ते ओळखणं (आयुर्वेदात तर रोगाचं कारण). दुखणं पुढे कोणत्या वळणावर जाईल, यासाठी आयुर्वेदात ‘साध्यासाध्यता’ आहे: साध्य, कृच्छ्रसाध्य (कष्टानं बरा होणारा), याप्य, असाध्य. यातला याप्य मला फार मोलाचा वाटतो. पुरता जात नाही, पण औषधपथ्यावर आटोक्यात राहतो, तो याप्य. पत्रकवाल्यांना हा शब्द आठवतच नाही!

आता ‘वृद्धिघटक’. घटक म्हटलं की आपल्याला मिश्रणातला भाग वाटतो. संस्कृतात मात्र घटक म्हणजे घडवून आणणाराही, आणि इथे तोच अर्थ हवा. गाठ मोठी झाली की तिला रक्त पुरत नाही. मग ती वीईजीएफ नावाचं प्रथिन सोडते (पत्रकातला ‘रक्तवाहिनी वृद्धिघटक’ तो हाच) आणि शेजारच्या रक्तवाहिन्यांना नवे फाटे फुटतात. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) वाटचं पाणी तणानं दांड, म्हणजे पाण्याचा पाट, फोडून पळवावं, तसं. अमेरिकेत 2014 साली जठराच्या बळावलेल्या कॅन्सरसाठी रामुसिरुमॅबला मंजुरी मिळाली, ते हा दांड बुजवू पाहणारं औषध.

म्हणून गावात असं सांगा: “गाठीनं रक्ताचे नवे दांड लय फोडले असन, तर दुखणं आवराले जड जाते.” ‘प्रतिकूल’चा अर्थ ‘असाध्य’ असा होऊ देऊ नका. हा अंदाज पुष्कळ रोग्यांवरून बांधलेला असतो, एकट्याच्या कपाळावरचा नसतो. आणि गाठ जठराच्या भिंतीत किती खोल शिरली, लसीकाग्रंथींपर्यंत (रोगाशी लढणाऱ्या शरीरातल्या छोट्या ग्रंथींपर्यंत) पोचली का, याला डॉक्टर वीईजीएफपेक्षा जास्त वजन देतात.