बॉनेट उघडून: चोक न ओढता चालू होणारी पद्मिनी

(जुन्या गाड्यांबद्दल वाचकांचे प्रश्न आणि आमच्या कोल्हापूरच्या गॅरेजमधून उत्तरं)

प्रश्न: काका, आमची प्रीमियर पद्मिनी 1987 सालची. बाबांनी नवी घेतली होती. ते गेल्यावर काही वर्षं उभीच होती, आता मी चालवते. दोन ठिकाणी दाखवली. दोन्हीकडे कार्बोरेटर साफ करून, स्क्रू फिरवून दिला, तरी अ‍ॅव्हरेज नऊच्या वर जात नाही. सिग्नलला थांबली की अडखळत चालते, पिकअप घेताना दचकते, प्लग काळे निघतात. बंद करून दहा मिनिटांनी परत चालू करायची म्हटलं तर सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते. सकाळी मात्र काहीच तक्रार नाही, चोक न ओढताही एका सेल्फमध्ये चालू होते. एअर स्क्रू कसाही फिरवला तरी फरक पडत नाही, असं मेकॅनिक सांगतात. आता दुसऱ्या गाडीचा कार्बोरेटर बसवून घ्या म्हणतात. बसवू का?
— एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, बसवू नका. तुमच्या गाडीचा आजार तुमच्याच पत्रात लिहिलेला आहे, आणि ज्याला तुम्ही गुण म्हणता त्या वाक्यात तो आहे. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. त्यातलं बरंचसं मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळीच्या, गार भिंतींना चिकटून बसतं, म्हणून सकाळी जास्तीचं पेट्रोल द्यावं लागतं आणि त्यासाठी चोक असतो. साताऱ्याच्या सकाळी पद्मिनी चोकशिवाय एका सेल्फमध्ये उठत असेल, तर तिला ते जास्तीचं पेट्रोल कुठून तरी आधीच मिळतंय. तेच दिवसभर मिळत राहतं. म्हणून प्लग काळे, म्हणून नऊचं अ‍ॅव्हरेज, आणि म्हणूनच गरम असताना चालू होत नाही. एअर स्क्रूचंही तेच. तो फक्त आयडलिंगच्या बारीक वाटेतलं मिश्रण कमी-जास्त करतो. पेट्रोल दुसऱ्याच वाटेनं येत असेल तर तो फिरवून काय होणार?

ही दुसरी वाट बहुतेक वेळा चोकचीच असते. पद्मिनीवर येणाऱ्या सोलेक्स कार्बोरेटरमध्ये चोक म्हणजे घशावर (हवा आत जाते त्या नळीवर) आडवी येणारी पाकळी नाही. बाजूला एक छोटी वेगळी व्यवस्था असते. तिला स्वतःचा पेट्रोल जेट (ठरावीक मापाचं भोक असलेला छोटा तुकडा) असतो आणि एक गोल चकती फिरून ती वाट उघडते, बंद करते. डॅशबोर्डवरचं बटण पूर्ण आत गेलं तरी केबल ताठ बसवलेली असेल, तर चकती पुरती बंद होत नाही. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की केबल आतून गंजते, मग हे हमखास होतं. तपासायला पैसे लागत नाहीत. इंजिन गरम करून आयडलिंगला ठेवा, कार्बोरेटरवरच्या चोकच्या लिव्हरला धरलेला केबलचा स्क्रू सैल करा आणि लिव्हर हातानं बंद बाजूला पूर्ण ढकला. आवाज बदलला, इंजिन हलकं झालं, की चोर सापडला. केबल बदला आणि बसवताना तिला किंचित ढील ठेवा. लिव्हर पूर्ण बंद असूनही फरक पडला नाही, तर चकतीचा पृष्ठभाग झिजला असेल. सपाट काचेवर बारीक ग्राइंडिंग पेस्ट लावून चकती घासून सपाट करता येते. हे काम घाईनं होत नाही.

दुसरा संशय फ्लोटच्या पातळीवर. फ्लोट म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोलवर तरंगणारा तुकडा, वाटी भरली की तो नीडल व्हॉल्व्ह ढकलून पेट्रोल थांबवतो. वरचं झाकण काढलं की नीडल व्हॉल्व्ह दिसेल, त्याच्या बुडाशी वॉशर असतो. सोलेक्समध्ये पेट्रोलची पातळी हा वॉशर ठरवतो. जाड वॉशर टाकला की व्हॉल्व्ह खाली येतो, फ्लोट लवकर बंद करतो आणि पातळी उतरते. पातळ टाकला की पातळी चढते. दोनदा कार्बोरेटर उघडला गेला आहे म्हणता, तेव्हा तो वॉशर जागेवर आहे का, आणि मूळ जाडीचा आहे का, हे आधी बघा. फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटलाय. शंका असेल तर गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे कुठून येतात ते दिसेल. नीडलच्या टोकावर रेघ पडली असेल तर नवी टाका. आणि या सगळ्याच्या आधी एअर फिल्टर काढून उजेडात धरा. तो बुजला असेल तरी मिश्रण गडद, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त, होतंच.

पिकअपला दचकणं हे मात्र वेगळं दुखणं असू शकतं. पाय दाबताच हवा लगेच वाढते, पेट्रोल मागे राहतं. ती फट भरायला कार्बोरेटरला छोटा पंप असतो आणि त्यात पडदा असतो. उभ्या गाडीत हा पडदा कडक होतो. इंजिन बंद ठेवून फिल्टर काढा, घशात बघत थ्रॉटल झटकन उघडा. पेट्रोलची बारीक, सरळ धार लगेच दिसायला हवी. उशिरा आली किंवा नुसती थेंबथेंब टपकली, तर पडदा बदला.

आता माझ्या जिव्हाळ्याची गोष्ट. कार्बोरेटरला हात सगळ्यात शेवटी लावायचा. माझे वस्ताद गाडी समोर आली की आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट), मग पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क), मग प्लग, मग टायमिंग (ठिणगीची वेळ), मग मॅनिफोल्डचं पॅकिंग असं बघत जायचे. एवढं झाल्यावरच त्यांचा हात स्क्रूड्रायव्हरकडे जायचा. ‘कार्बोरेटर बिघडलाय’ म्हणून आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी गाड्या तोवरच बऱ्या झालेल्या असायच्या. पॉइंट जळलेले असले की ठिणगी कमजोर पडते, पेट्रोल अर्धवट जळतं, प्लग काळे होतात. लोक दोष मिश्रणाला देतात. पॉइंटची फट 0.4 मिलिमीटर आणि प्लगची 0.6 मिलिमीटरच्या आसपास ठेवा. टॅपेट गाडीच्या पुस्तकात दिल्याप्रमाणे, इंजिन थंड असताना. थ्रॉटलचा दांडा बोटांनी वर-खाली हलवून बघा. तो खुळखुळत असेल तर तिथून फुकटची हवा शिरते आणि आयडलिंग कधीच एका जागी बसत नाही. चांगला लेथवाला तिथे पितळी बुश बसवून देतो. आमच्या उद्यमनगरात असे हात अजून आहेत, साताऱ्यातही मिळतील.

एवढं झाल्यावर ट्यूनिंगला अर्धा तास पुरतो. इंजिन पूर्ण गरम हवं आणि एअर फिल्टर जागेवर हवा. इंजिन बंद करून एअर स्क्रू हलक्या हातानं आत टेकवा. आवळू नका, त्याचं टोक कायमचं खराब होतं. मग दीड फेरा बाहेर. इंजिन चालू करून आयडलिंग जरा वाढवून ठेवा. स्क्रू पाव-पाव फेरा आत न्या, एका जागी इंजिन मिसिंग करू लागेल. तिथून बाहेर काढत चला. आधी ते गुळगुळीत होईल, मग जड होऊन डुलायला लागेल. या दोन टोकांच्या मध्ये जिथं ते सगळ्यात जोरात आणि एकसारखं फिरतं, तिथं थांबा. मग थ्रॉटलचा स्क्रू सैल करून आयडलिंग मिनिटाला 700-800 फेऱ्यांवर आणा आणि एअर स्क्रू पुन्हा एकदा तपासा, कारण एक हलला की दुसरा हलतो. प्रत्येक फेरबदल वहीत लिहा आणि एका वेळी एकच करा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कशामुळे सुधारली हे कळायला मार्ग राहत नाही.

मग सरळ पीयूसी केंद्रात जा आणि आकडे छापून घ्या. तुमच्या वयाच्या गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के आहे. दीड ते अडीचच्या मध्ये आकडा आला की आयडलिंग जमलं म्हणा. सहा टक्के दाखवत असेल तर अजून कुठून तरी पेट्रोल गळतंय. गॅस अ‍ॅनलायझर तालुक्याच्या गावीही मिळतो आणि ट्यूनिंगसाठी कुणी तो वापरत नाही, याची मला फार हळहळ वाटते.

दुसरा कार्बोरेटर का नको, तेही सांगतो. तुमचं 1089 सीसीचं इंजिन 3000 फेऱ्यांना पूर्ण रेस दिल्यावर मिनिटाला दीड हजार लिटरच्या आसपास हवा ओढतं, आणि तेवढ्या हवेला पेट्रोल लागतं दीडशे मिलीलिटरच्या आसपास. घशाची रुंदी, मेन जेट, हवेचा जेट, पंपाची धार हे सगळं त्या हिशेबानं एकमेकांशी जुळवलेलं असतं. दुसऱ्या इंजिनासाठी जुळवलेला कार्बोरेटर आयडलिंगला गोड वाटतो आणि चढाला लागलं की उघडा पडतो. शिवाय मूळ नग एकदा भंगारात गेला की परत मिळवणं सोपं नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर 2023 अखेर रस्त्यावरून उतरल्या. त्या होत्या तोवर या सुट्या भागांना रोजचं गिऱ्हाईक होतं. म्हणून गॅस्केट, पडदे, नीडल व्हॉल्व्ह असा एक जादा किट आत्ताच घेऊन ठेवा.

प्रश्न: माझी अ‍ॅम्बॅसेडर वाईपर्यंत छान येते आणि पसरणीच्या घाटात हमखास बंद पडते. अर्ध्या तासानं आपोआप चालू होते. महाबळेश्वरसाठी जेट बदलावा का?
— एक वाचक, पुणे

उत्तर: जेटचा यात संबंध नाही. चढाला गाडी सावकाश चालते, बॉनेटखाली वारा लागत नाही आणि पंपातलं किंवा नळीतलं पेट्रोल उकळतं. पंप वाफ ओढू शकत नाही. पण ठिणगीच्या वाटेतली गरम झालेली कॉइल किंवा कंडेन्सरसुद्धा अगदी असाच दगा देतो, म्हणून बंद पडताक्षणी दोन्ही तपासा. फिल्टरची काचेची वाटी रिकामी असेल तर वाफ. पेट्रोल भरपूर दिसत असेल तर प्लगच्या वायरला ठिणगी येते का बघा. वाफ असेल तर पंपावर ओलं फडकं टाकून त्या दिवशी वर जाल. पुढं मात्र पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब वळवा आणि कार्बोरेटरखालचा उष्णतारोधक तुकडा जागेवर आहे ना, ते बघा. पॅकिंग बदलताना हा तुकडा काढून ठेवलेल्या गाड्या मी बघितल्या आहेत.

महाबळेश्वर सुमारे 1370 मीटरवर आहे. तिथं हवा विरळ, त्यामुळे मिश्रण थोडं गडद होतं आणि इंजिनाची ताकद कमी पडते, हे खरं. दोन दिवसांच्या सहलीला त्यासाठी काही करायचं नाही. व्हॅक्यूम गेज (इंजिनाची हवेची ओढ मोजणारा काटा) लावून ट्यूनिंग करत असाल तर एवढं ध्यानात ठेवा की दर 300 मीटरला काटा साधारण एक इंच खाली वाचतो. पुस्तकातले आकडे समुद्रसपाटीचे असतात, पुण्यात ते दोनेक इंचांनी कमीच येणार.

प्रश्न: पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. माझ्या 1974 च्या फियाटचा मेन जेट ड्रिल मारून मोठा करू का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: ड्रिल अजिबात नको. जेटचं भोक आतून गुळगुळीत आणि तोंडाशी ठरावीक कोनात उतरलेलं असतं. ड्रिलनं ते खरवडलं की आकडा एक आणि प्रवाह वेगळाच. तारही घालू नका. कचरा असेल तर हवा मारा.

तुमची शंका मात्र रास्त आहे. निव्वळ पेट्रोलला वजनाच्या 14.7 पट हवा लागते, 20 टक्के इथेनॉल असेल तर साधारण 13.5 पट. म्हणजे जुन्या काळच्या जेटवर गाडी सात-आठ टक्के फिकट, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी, अशी चालते. कार्बोरेटरला हे कळण्याची सोय नाही, नव्या गाडीच्या सेन्सरला ती आहे. फिकट मिश्रणाची लक्षणं ओळखा: पाय सोडताना सायलेन्सरमध्ये फटके, बेताच्या वेगात झटके, चढाला इंजिन तापणं, आणि चोक जरासा ओढला की गाडी सुधारणं. ही असतील तरच जेट बदला, आणि पायरीपायरीनं. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. समजा 125 आहे. 127.5 टाकलात तर क्षेत्रफळ 4 टक्के वाढतं, 130 टाकलात तर 8 टक्के. आधी पहिली पायरी टाका, आठवडाभर चालवा. मोकळ्या सपाट रस्त्यावर टॉप गिअरमध्ये चांगली ओढा, क्लच दाबून तिथंच इंजिन बंद करा, किल्ली लॉकपर्यंत न फिरवता गाडी कडेला घ्या आणि प्लग काढून बघा. आजच्या पेट्रोलवर चिनीमातीचा वरचा भाग पांढुरका राहतो, त्यावरून घाबरू नका. आत खोल बुडाशी चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचं कडं दिसलं की झालं.

जेटपेक्षा मला काळजी रबराची आहे. जुन्या नळ्या, पंपाचा पडदा, नीडलचं टोक हे इथेनॉलमध्ये फुगतं, मऊ पडतं. पेट्रोलची नळी इंजिनाच्या उष्णतेत फुटली तर आग लागते, म्हणून इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या आणि नवे क्लिप या पावसाळ्याआधीच घाला. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. महिनाभराहून जास्त उभी राहणार असेल, तर कार्बोरेटरची वाटी मोकळी करा, नाहीतर आत पांढरी भुकटी धरते.

प्रश्न: मी मूळचा मिरजेचा, आता लेस्टरला असतो. इथं 1965 ची मॉरिस मायनर घेतली आहे. एसयू कार्बोरेटर घरच्या घरी ट्यून करता येईल का?
— एक वाचक, इंग्लंड

उत्तर: येईल, आणि तुम्हाला फार आनंद मिळेल. आपली अ‍ॅम्बॅसेडर मॉरिस ऑक्सफर्डवरून आली, त्यामुळे एसयू आमच्याही हातून गेला आहे. त्यात आयडलिंगचा वेगळा जेट नाही. एकच जेट, एकच सुई, आणि हवेच्या ओढीनं वर-खाली होणारा पिस्टन. इंजिन गरम करून पिस्टन एक मिलिमीटरहूनही कमी उचला. फेऱ्या वाढून वाढलेल्याच राहिल्या तर मिश्रण गडद. इंजिन बंद पडायला लागलं तर फिकट. क्षणभर वाढून पुन्हा पहिल्यासारख्या झाल्या तर बरोबर. खालचं षटकोनी नट एका वेळी एकाच बाजूइतकं, म्हणजे फेऱ्याचा सहावा भाग, फिरवा, खाली गडद, वर फिकट. पिस्टन हातानं उचलून सोडल्यावर खाली ‘टक्’ असा स्वच्छ आवाज यायला हवा, नाहीतर जेट मध्यावर नाही.

तुमच्याकडे 2021 पासून साधं पेट्रोल 10 टक्के इथेनॉलचं आहे, पण महागड्या सुपर पेट्रोलमध्ये ते पाचच्या वर नसतं. मायनरला तेच घाला. आणि पिस्टनच्या वरच्या डॅम्परमध्ये तेल आहे का बघा, तिथं 20 नंबरचं इंजिन ऑइल चालतं. ते आटलं असेल तर पिकअपला गाडी दचकते आणि माणूस उगाच सुई बदलत बसतो.