धास्ती घेतात की लागते?

प्रश्न असा आला आहे: “सहा वर्षांपूर्वी डाव्या स्तनाचा कर्करोग होऊन गेला. आता उजवीकडे गाठ लागली आहे. बायोप्सी झाली, रिपोर्ट यायचाय. घरातले सगळे ‘धास्ती घेऊ नकोस’ म्हणतात. ‘धास्ती घेणं’ हा प्रयोग बरोबर आहे का? मी ती घेते आहे का? तपासणीच्या निकालाची वाट पाहतानाच्या या भीतीला इंग्रजीत ‘स्कॅन्झायटी’ म्हणतात, त्याला मराठी शब्द आहे का?”

बाई, प्रयोग शुद्ध आहे, उपदेश अशुद्ध आहे. हा उपदेश मी इतक्या दवाखान्यांच्या बाकांवर ऐकला आहे की आता कान किटले.

‘घेणे’ हे क्रियापद फार लबाड. औषध घ्या, सुट्टी घ्या, इथे घेणारा मुखत्यार असतो. पण गवत पेट घेतं, गाडी उतारावर वेग घेते, तिथे कर्ता नावापुरताच. ‘धास्ती घेतली’ हे या दुसऱ्या जातीतलं. घडून गेलेल्याचं वर्णन म्हणून ते चालतं, आज्ञार्थात घातलं की बिघडतं. गवताला कोणी ‘पेट घेऊ नकोस’ म्हणून समजावत बसत नाही. ‘तिने धास्ती घेतली म्हणूनच दुखणं उलटलं’ हे वाक्य तर व्याकरणाच्या आधी माणुसकीत नापास आहे. बायोप्सीचा तुकडा फॉर्मॅलिनच्या डबीत पडतो तेव्हाच त्यात काय आहे ते ठरून गेलेलं असतं. मग घरी कोणी धास्ती घेवो नाहीतर पेढे.

आता खरी गंमत. धास्ती आणि दहशत या सख्ख्या बहिणी आहेत. अरबी ‘दह्शत’ फारसीमार्गे मराठीत दोनदा उतरली. एकदा कागदोपत्री, ती दहशत. एकदा लोकांच्या तोंडी, ती धास्त, धास्ती. बोलताना मधला ‘ह’ मागच्या अक्षरात शिरतो, हे गावाकडे कान देणाऱ्याला सांगायला नको: दहा रुपयांचे धा रुपये होतात, बहिणीची भैन होते. ‘श्त’चा ‘स्त’ होणं तर रोजचंच. गश्त होती तिची गस्त झाली, गुमाश्ता होता त्याचा गुमास्ता झाला, आणि नाश्ता अजूनही अर्धा महाराष्ट्र ‘नास्ता’च करतो.

यावर काही शुद्धिवादी मंडळी ‘ध्वस्त’पासून धास्ती काढतात. काढोत बापडे. पण मग हस्तचा हत्थ होऊन हात झाला, मस्तकाचा माथा झाला, पुस्तकाची पोथी झाली, त्याच वाटेने ध्वस्तचं काहीतरी ‘धाथ’ व्हायला हवं होतं. ‘स्त’ तसाच कोरा करकरीत कसा राहिला? याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही. परकीय शब्द नको म्हणून व्युत्पत्तीच बदलायची, हा व्यासंग नव्हे, हट्ट आहे.

माझा एक लाडका सिद्धांत आहे, तोही ऐकाच. दहशतीला घालणारा लागतो: गुंड, सरकार, छडीवाला मास्तर. म्हणून तिला पुढे ‘वाद’ जोडता आला. धास्तीच्या मागे कोणी उभं नसतं, ‘धास्तीवाद’ होत नाही. एकाच मुळाच्या दोन शब्दांनी कामं अशी वाटून घेतली: चव्हाट्यावरची भीती एकीकडे, माजघरातली दुसरीकडे. कोशकार दोन्हींपुढे ‘भीती, भय’ लिहून मोकळे होतात, तेव्हा चिडचिड होते.

अरबीत या शब्दाचा जुना अर्थ भीतीपेक्षा चकित होणं, भांबावणं असा आहे. म्हणून तर धास्तावलेला माणूस पळत नाही, थबकतो. वर्तमानपत्राचं तेच पान तीनदा वाचतो. डॉक्टर बोलतात ते कानावर पडतं, आत उतरत नाही. यावर ‘विचार करू नकोस’ हा सल्ला हास्यास्पद आहे, कारण विचार चालतच नसतो. (‘पॉझिटिव्ह राहा’ त्याहून वाईट. ज्या रिपोर्टवर तो एकच शब्द दिसू नये म्हणून जीव मुठीत धरला आहे, तोच शब्द शुभेच्छा म्हणून?) उपयोगाचं एवढंच: रिपोर्ट कोणत्या दिवशी मिळेल ते नक्की विचारून घ्या आणि त्या दिवशी लिहून घेणारं माणूस बरोबर न्या. उशीर झाला म्हणजे वाईटच असं धरू नका. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरतो, मेणाच्या ब्लॉकमध्ये बसतो, मग त्याचे पातळ काप काचेवर चढतात. हार्मोन रिसेप्टरच्या, म्हणजे गाठ हार्मोनवर वाढते का हे पाहणाऱ्या, तपासण्या लागल्या तर आणखी दिवस जातात.

स्कॅन्झायटी राहिलीच. अमेरिकन लेखक ब्रूस फाइलर यांनी 2011 मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकात लिहिल्यावर हा शब्द बराच फिरला. त्याला कोणी ‘तपासचिंता’ सुचवतात. नको. ‘चिंता’ आली ती ‘चिंत्’पासून, म्हणजे विचार करणे. वर सांगितलंच, इथे विचार थांबलेला असतो. नवा शब्द घडवायची हौस कशाला? ‘जीव टांगणीला लागलाय’ असं आपण पूर्वापार म्हणतो. त्यात भीतीही आहे आणि वाट पाहणंही.

एक मात्र तुम्ही विचारलं नाहीत आणि विचारायला हवं होतं. बघावं तो ‘कॅन्सर परत आला’ म्हणून मोकळा होतो. मुळात गाठ कर्करोगाचीच असेल असं नाही. असली तरी जुनाच उलटणं वेगळं आणि दुसऱ्या बाजूला नवा होणं वेगळं. सुश्रुताने आपल्या संहितेच्या निदानस्थानात, म्हणजे रोगनिदानाच्या भागात, या भेदासाठी दोन शब्द योजले आहेत. आधीच्या अर्बुदावर, म्हणजे गाठीवर, उगवतं ते अध्यर्बुद, आणि दोन होतात, ‘युगपत् क्रमाद्वा’, एकदम किंवा एकामागून एक, ते द्विरर्बुद. काय नेमकेपणा! त्याचं वर्गीकरण घ्या, भाकीत घेऊ नका. ते त्याच्या काळातलं. आज नव्या कर्करोगाची पायरी (स्टेज) नव्याने ठरते आणि उपचारही त्याच्यापुरते ठरतात. तेव्हा वाईट बातमी आलीच तर पहिला प्रश्न साध्या मराठीत विचारा: “जुना उलटलाय, पसरलाय, की हा दुसराच आहे?”