विरोध प्रोसिडिंगमध्ये लिहून घे

चिरंजीव पोरी,
अनेक आशीर्वाद.

सरपंचबाई म्हणायची जिभेला अजून सवय व्हायची आहे. तोवर पोरीच म्हणतो, रागावू नकोस.

परवा फोनवर तू म्हणालीस, "भाऊसाहेब, मला अख्ख्या गावानं थेट निवडून दिलंय, आणि नऊपैकी पाच सदस्य दर मासिक सभेत आडवे येतात. मग मी निवडून येऊन उपयोग काय?" तेव्हा मी हसण्यावारी नेलं. रात्री मात्र झोप लागेना, म्हणून लिहायला बसलो.

आधी 'अख्ख्या गावा'चा हिशेब करू. तुला पडली ८१४ मतं. समोरच्या दोघांची मिळून नऊशेच्या वर गेली. म्हणजे तुला नको म्हणणारे तुला हवं म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त आहेत, आणि पाणीपट्टी तेही भरतात. ज्या पाच जणांवर तू चिडलीस त्यांनाही त्याच दिवशी, त्याच शाळेच्या खोलीत, याच लोकांनी बटण दाबून निवडलं. आपल्याकडे थेट सरपंचाचा कायदा २०१७ला आला, २०२०ला गेला आणि २०२२ला परत आला. ज्या खुर्चीची रीत पाच वर्षांत तीनदा फिरली, तिच्या जोरावर कुणाला दमात घेऊ नये.

बाबासाहेबांचा फोटो तुझ्या विजयाच्या फ्लेक्सवर होता. (तुझ्या फोटोपेक्षा लहान होता, पण ते फ्लेक्सवाल्याचं काम, सोडून देऊ.) त्यांचं गावाबद्दलचं मत तुला ठाऊक आहे का? ४ नोव्हेंबर १९४८ला घटनेचा मसुदा मांडताना ते जे बोलले ते गाववाल्यांना आजही झोंबतं. गाव म्हणजे संकुचितपणाचं डबकं, अज्ञान आणि जातीयतेची गुहा, असा त्यांचा सूर होता. मसुद्यात त्यांनी गावाऐवजी व्यक्तीला एकक धरलं याचं त्यांना समाधान होतं. त्याच भाषणात ते म्हणाले, की घटनात्मक नीती अंगात उपजत नसते, ती मुरवावी लागते, आणि इथली लोकशाही ही मुळात लोकशाही नसलेल्या जमिनीवर टाकलेला वरचा थर आहे. ग्रामपंचायतींचा ४०वा अनुच्छेद त्यानंतर, घटनासमितीतल्या इतरांच्या आग्रहानं आला. त्याला खरे हातपाय फुटले ते १९९२च्या ७३व्या घटनादुरुस्तीनं. थोडक्यात, ज्यांचा फोटो आपण लावतो त्यांना आपल्या गावाची खात्री नव्हती, आणि तुझी खुर्ची त्या शंकेला उत्तर म्हणून मांडलेली आहे.

शंका खोटी होती असं मी म्हणणार नाही. २०२१च्या जानेवारीत नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारच्या खोंडामळी या दोन गावांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगानं रद्द केल्या. का, तर पदांचा लिलाव झाला. उमराण्यात बोली दोन कोटींवर गेली, तीही मंदिराच्या कामासाठी. भांडण नको, खर्च नको, पैसा देवाला, असं सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं. पण ज्या गरिबाला उभं राहायचं होतं त्यानं कुठं जायचं? आपल्याकडेही तुला 'बिनविरोध करू' म्हणून बसवत होते ना? तू नाही म्हणालीस, त्या दिवशी मला तुझा फार अभिमान वाटला. फोनवर सांगायचं राहून गेलं.

आता माझं पाप ऐक. ग्रामसेवकाच्या ३१ वर्षांच्या नोकरीत एकदा, माझ्या दुसऱ्या गावात, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला पंचवीस-तीस माणसं आली. कोरम म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर जण, त्यात कमी असेल ते. सभा तहकूब करायला हवी होती. सरपंच म्हणाले, गायरानाचा ठराव आजच हवा. मी रजिस्टर आणि शाईचा पॅड शिपायाच्या हाती देऊन त्याला सायकलवर धाडलं. संध्याकाळपर्यंत शंभराच्या वर सह्या नि अंगठे झाले. शिपाई परत आला तेव्हा हसत सांगत होता, वस्तीवरची एक म्हातारी विचारत होती, "अंगठा कशाचा रं?" त्यानं सांगितलं, "राशनचा." मी ऐकलं आणि रजिस्टर कपाटात ठेवून दिलं. त्याच गायरानात तिच्या शेळ्या चरायच्या, हे मला पुढे कळलं. कागद इतका नीट होता की कुणी कधी तपासलासुद्धा नाही.

म्हणून सांगतो, कोरम भरला नाही तर सभा तहकूब कर. तहकूब सभेला कोरम लागत नाही, कायद्यानंच ही पळवाट दिली आहे, आणि तुझा सेक्रेटरी (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात म्हणे) पहिल्या दिवसापासून ती सुचवेल. दर वेळी ती वापरू नकोस. आधी महिलांची सभा घे, ती फक्त कागदावर उरकू नकोस. ज्या वस्तीवरून कुणी येत नाही तिथं स्वतः जा, दवंडीवर विसंबू नकोस.

त्या पाच जणांचं म्हणशील तर त्यांना बोलू दे, आणि जे बोलतील ते नावानिशी प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, घ्यायला लाव. सेक्रेटरी 'सर्वानुमते' लिहायला बघेल, कारण ते सोपं पडतं. तू म्हण, चार विरुद्ध पाच, ठराव नामंजूर, असंच लिहा. पहिल्यांदा हात थरथरेल. आपला पडलेला ठराव आपल्याच सहीनं नोंदवायचा, हे सोपं नाही.

१७ एप्रिल १९९९ची दुपार मला आठवते. पंचायत समितीची मीटिंग आटोपून एसटी स्टँडवर आलो, तर उपाहारगृहातल्या टीव्हीपुढे ही गर्दी. लोकसभेत वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक ठराव २६९ विरुद्ध २७० असा पडला होता. एका मतानं! आणि विरोधात मत देणाऱ्यांत ओडिशाचे मुख्यमंत्री गिरिधर गमांग होते. मुख्यमंत्री होऊन दोन महिने झाले होते, खासदारकी सोडलेली नव्हती. नियमात बसत होतं, मनाला पटत नव्हतं. त्या मतावर माणसं आजही भांडतात. वाजपेयींचा राजीनामा मात्र त्याच दिवशी राष्ट्रपतींकडे गेला. शेजारी एक कंडक्टर चहाचा कप धरून उभा होता. त्याचं मत कुणाला होतं कोण जाणे, पण तो एवढंच म्हणाला, "एक तर एक. मोजलं ना?"

तुझा पाण्याच्या टाकीच्या जागेचा ठराव पुन्हा मांड, पण मध्ये त्या पाचांपैकी निदान दोघांच्या घरी जाऊन ये. मला वाटतं त्यांचा राग टाकीवर नाही, जागा ठरवताना विचारलं नाही याचा आहे. चूक असेन तर कळव.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेला मी मागे बसायला येतोय. झेंडावंदनानंतर लगेच सुरू कर, आणि चहा शेवटी ठेव. आधी दिलास तर अर्धी सभा कप ठेवून घरी जाते.

तुझा,
भाऊसाहेब