वाचकांचे सवाल : क्वालिस, इनोव्हा आणि ‘टोयोटा आहे, डोळे झाकून घ्या’

मागच्या अंकात इनोव्हाला भारतात येऊन वीस वर्षं झाली म्हणून दोन पानं लिहिली होती, त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचा कॉलम टोयोटालाच द्यावा लागला. निम्म्या लोकांनी प्रश्न विचारण्याऐवजी स्वतःच्या गाडीचं कौतुकच लिहून पाठवलंय, त्यातलं जमेल तेवढं उत्तरांमध्येच घेतलंय. नावं छापलेली नाहीत, गाव तेवढं दिलंय.

मिरज : माझे वडील किर्लोस्करवाडीत नोकरीला होते. टोयोटा किर्लोस्करमधले किर्लोस्कर ते हेच ना? मग कारखाना कर्नाटकात कसा गेला आणि एवढ्या मोठ्या जपानी कंपनीला आपल्या माणसांची गरज काय पडली?

काका, घराणं तेच. लक्ष्मणरावांनी बेळगावात सायकली विकण्यापासून सुरुवात केली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, पण पुढच्या पिढ्यांत व्यवसायाच्या पाती वेगवेगळ्या झाल्या, त्यातली एक पाती बंगळुरूला स्थिरावली. विक्रम किर्लोस्कर हे तिकडचे, घराण्याच्या चौथ्या पिढीतले. त्यांचं बस्तानच तिथे म्हटल्यावर कारखाना बिडदीला, म्हैसूर रोडवर, यात नवल काही नाही.

गरज का पडली, तर त्या काळात परदेशी मोटार कंपनी सहसा इथे एकटी येत नसे. फोर्ड महिंद्राबरोबर आली (एस्कॉर्ट नाशिकला जोडली जायची, आठवत असेल), होंडानेही दिल्लीकडचा भागीदार धरला. टोयोटाने तर त्याआधी ऐंशीच्या दशकात दिल्लीच्या डीसीएम कंपनीबरोबर छोट्या ट्रकचा प्रयत्न करून पाहिला होता, तो काही फार चालला नाही आणि पुढे ती भागीदारीतली कंपनी कोरियाच्या देवूकडे गेली. म्हणजे दुसऱ्यांदा येताना माणूस नीट पारखूनच घेतला असणार.

आता यातली मजा बघा. किर्लोस्करांशी त्यांची ओळख गाडीवरून झालीच नाही, ती झाली सूतगिरणीच्या मशिनरीवरून. १९९५ मध्ये किर्लोस्कर टोयोडा टेक्स्टाइल मशिनरी सुरू झाली आणि १९९७ मध्ये मोटार कंपनी. आणि खुद्द जपानमध्येही क्रम हाच होता! साकिची टोयोडा हा सुताराचा मुलगा, आयुष्यभर हातमाग-यंत्रमागातच डोकं घातलं, आणि धागा तुटला की आपोआप थांबणारा माग त्याने बनवला. १९२४ च्या त्याच्या मागाचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनी एक लाख पौंडांना घेतले. मुलगा किइचिरो मात्र मोटारीच्या मागे लागला, १९३३ मध्ये मागाच्या कारखान्यातच मोटारीचं खातं उघडलं, १९३६ मध्ये पहिली कार विक्रीला आली आणि १९३७ मध्ये वेगळी कंपनी झाली. तुमच्या वडिलांनी वाडीत नांगर आणि पंप बनताना पाहिले असतील, तिकडे माग बनत होते, एवढाच काय तो फरक. आजच्या घडीला भारतातल्या कंपनीत किर्लोस्करांचा हिस्सा ११ टक्के आहे, बाकी सगळा जपानचा. विक्रमराव नोव्हेंबर २०२२ मध्ये गेले, नवी इनोव्हा हायक्रॉस लोकांसमोर आली त्याच आठवड्यात.

सिन्नर : आमच्याकडे २००३ ची क्वालिस आहे, अजून कांद्याच्या पट्टीला आणि लग्नाला तीच जाते. चालत्या गाडीला कंपनीने बंद का केलं?

दादा, हा प्रश्न तेव्हापासून लोक विचारतायत. क्वालिस जानेवारी २००० मध्ये आली तेव्हा गाड्यांच्या मासिकांनी तिला नावं ठेवली होती, कारण डिझाइन जुनं, इंडोनेशियातल्या किजांग गाडीवरून घेतलेलं, आणि २.४ लिटरचं डिझेल इंजिन तेही बिनटर्बोचं, ७५ हॉर्सपॉवर. चौकोनी डबा म्हणायचे लोक. पण टुरिस्टवाल्यांनी एक-दोन सीझन चालवली आणि मग जो तो क्वालिसच मागायला लागला. माझं मत विचाराल तर महाराष्ट्रात टोयोटाचं नाव जाहिरातीने झालंच नाही, ते शिर्डी-शनिशिंगणापूर आणि अष्टविनायक मारणाऱ्या ड्रायव्हर लोकांनी केलं, आणि त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून तीच ती स्तुती ऐकत गेलेल्या आपल्यासारख्या पॅसेंजरने घरी येऊन गाडी बुक केली.

बंद केली कारण इनोव्हा आणायची होती. दोन्ही ठेवल्या असत्या तर लोकांनी स्वस्त पडते म्हणून क्वालिसच घेतली असती, नवीन गाडीला ऊठायलाच जागा मिळाली नसती. २००५ च्या सुरुवातीला इनोव्हा आली तेव्हा किंमत बघून ‘आता टोयोटा संपली’ म्हणणारे कमी नव्हते. पुढचं सगळ्यांनी पाहिलंच.

तुमच्या गाडीचं बोलायचं तर पंधरा वर्षांनंतरचं पासिंग आणि हरित कर भरलाय ना ते तेवढं बघा. आणि पट्टीला जाताना मागे भरायच्या गोणींना काहीतरी मर्यादा असू द्या हो.

कराड : २०१२ ची इनोव्हा बघतोय, डिझेल, मीटरला १ लाख ४० हजार. एजंट म्हणतो टोयोटा आहे, डोळे झाकून घ्या. घेऊ का?

डोळे उघडे ठेवून घ्या. हा एकच प्रश्न थोड्याफार फरकाने चाकण, परभणी, चिपळूण आणि पार वास्कोहूनही आलाय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे मीटर. बारा-तेरा वर्षांची इनोव्हा आणि १ लाख ४०, असं असू शकतं, डॉक्टर-वकिलाच्या घरची गाडी असेल तर असतं पण, पण बहुतेक वेळा कुणीतरी मीटर मागे घेतलेलं असतं. ते ओळखायला मशीन लागत नाही. क्लचच्या पेडलचं रबर बघा, त्यावरच्या रेघा झिजून गुळगुळीत झाल्यात का, किंवा उलट जुन्या गाडीत रबर अगदी कोरं करकरीत बसवलंय का. ड्रायव्हर सीटची दाराकडची कड दबलीय का, स्टीअरिंग जिथे हात बसतो तिथे चकाकतंय का. मग नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला रेकॉर्ड विचारा, प्रत्येक सर्व्हिसला किती किलोमीटर होते ते तिथे नोंदलेलं असतं. मालकाने ‘आम्ही बाहेरच करायचो’ सांगितलं तर बाहेरची बिलं मागा. बिलंही नाहीत, रेकॉर्डही नाही, मग भाव तसा लावा नाहीतर सोडून द्या.

दुसरी, गाडी आधी टुरिस्टला होती का. आरटीओत पिवळ्या पाटीची पांढरी करता येते आणि त्यात बेकायदा काही नाही, पण ते लपवून प्रायव्हेटच्या भावात विकणं ही लबाडी आहे. आरसी आणि परिवहनच्या ॲपवरची माहिती ताडून बघा. आणि संध्याकाळी तिरप्या उन्हात गाडी उभी करून बाजूच्या पत्र्यावरून नजर फिरवा, टुरिस्ट व्हेइकल लिहिलेलं किंवा चिकटवलेलं काढलं तरी तिथला रंग बाकीच्यापेक्षा वेगळा दिसतो. टपावर कॅरिअरच्या खुणा राहतात. चिपळूणच्या ताईंनी लिहिलंय की त्यांच्या भावाने असंच पांढऱ्या पत्र्यावर अर्धवट ‘टी’ दिसला म्हणून व्यवहार मोडला, शाब्बास.

तिसरी, टायमिंग बेल्ट, आणि इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. या जुन्या २.५ इंजिनला टायमिंग बेल्ट आहे, चेन नाही. तो ठरलेल्या किलोमीटरला बदलावाच लागतो, त्यासाठी डॅशबोर्डवर टी-बेल्टची लाईट पण दिलीय, पण ती लाईट रीसेट करता येते, त्यामुळे लाईट बंद म्हणजे बेल्ट नवा असं समजू नका. बेल्ट चालू गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात आणि हेडचं काम निघतं. बदलल्याची पावती दाखवली नाही तर गाडी घेतल्यावर पहिलं काम हेच, तेवढे पैसे व्यवहारातून आधीच कापा. २०१६ च्या इनोव्हा क्रिस्टापासून इंजिनच बदललं, त्याला चेन आहे, तिथे ही भानगड नाही.

मग इंजिन. मालकाला आधीच सांगून ठेवा की गाडी गरम करून ठेवू नका, गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवून बघा. थंड इंजिन एका सेल्फमध्ये लागायला हवं. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण सैल करून बघा, भकाभका धूर आणि झाकण उडतंय म्हणजे ज्याला मेस्त्री लोक बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते आलं, इंजिन बांधायचा खर्च समोर आहे. निळसर धूर असेल तर ऑइल जळतंय. काळा असेल तर एवढं घाबरू नका पण इंजेक्टर तपासून घ्या, या कॉमन रेल गाड्यांना भेसळीचं डिझेल अजिबात सोसत नाही. परभणीच्या वाचकांचे चारही इंजेक्टर अशाच एका पंपावरच्या डिझेलने गेले, आणि त्यांना गॅरेजवाल्याने आधी टर्बो बदलायला लावला होता. खराब रस्त्यावर फिरवून पुढच्या लोअर आर्म आणि बुशचा खडखडाट ऐका, ते काम महागडं नाही, घासाघीस करायला उपयोगी पडतं. कोकण-गोव्याची गाडी असेल तर खाली वाकून चासी बघाच.

अजून एक, डीएल पासिंगच्या इनोव्हा आपल्याकडे स्वस्तात दिसतात. दिल्लीकडे डिझेल गाडी दहा वर्षांपुढे चालवण्यावर बंदी आली होती म्हणून त्या बाहेर विकल्या गेल्या. गाडी चांगलीही असू शकते, फक्त एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवीन नंबर यांचा हिशोब धरून मग स्वस्त आहे का ते ठरवा.

एवढं सगळं बघून गाडी खरी निघाली तर घ्या. वणीच्या एका ड्रायव्हरदादांनी लिहिलंय की त्यांच्या गाडीचं पाच लाख किलोमीटरला अजून इंजिन उघडलेलं नाही, आणि पुढच्याच ओळीत लिहिलंय की ऑइल बदलायचं एकदाही पुढे ढकललं नाही. एजंट लोक तुम्हाला पहिली ओळ ऐकवतात.

पुणे : क्रिस्टा की हायक्रॉस? घरात दोन गट पडलेत.

गावाकडचा रस्ता खराब, गाडीत कायम सात माणसं आणि टपावर सामान, तर क्रिस्टा. खाली ट्रकसारखी लॅडर चासी, मागची चाकं ओढतात, डिझेलचा जोर आहे. कोथरूड ते हिंजवडी रोजचं येणं-जाणं असेल तर हायक्रॉस हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरी दोन्हीवर चालणारी), कारण ट्रॅफिकमध्ये ती बराच वेळ बॅटरीवरच सरकते. कंपनीचा आकडा लिटरला २३.२४ किलोमीटरचा आहे, वाचकांच्या पत्रांत सोळा-सतरा सांगणारे जास्त. बॅटरीला आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे. मागे बसणाऱ्या आजी-आजोबांना विचारून ठरवा, चढायला-उतरायला त्यांनाच लागतं.

ठाणे : तुमच्या लेखात नुसतं कौतुक होतं. टोयोटाने काय कधी चूक केलीच नाही?

केली की. २००९-१० मध्ये अमेरिकेत ॲक्सिलरेटर अडकण्याचं प्रकरण झालं, लाखो गाड्या परत बोलावल्या, कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष अकिओ टोयोडांना तिथल्या संसदेसमोर जाऊन माफी मागावी लागली आणि २०१४ मध्ये १.२ अब्ज डॉलर भरून सरकारी चौकशी मिटवावी लागली. जानेवारी २०२४ मध्ये डिझेल इंजिनांच्या पॉवरच्या चाचणीत गोलमाल झाल्याचं बाहेर आलं, तेव्हा आपल्याकडेही क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्सची रवानगी काही दिवस थांबली होती. बिडदीत २०१४ आणि २०२० मध्ये कामगारांशी वाद होऊन टाळेबंदीपर्यंत गेलं. आणि इटिऑस? इंजिन दणकट, जागा भरपूर, पण आतलं प्लास्टिक आणि मधोमध बसवलेलं मीटर बघून घरगुती गिऱ्हाईक मागे फिरलं, ती टॅक्सीवाल्यांची झाली आणि २०२० मध्ये बंद पडली.

कंपनी सावध आहे हे मात्र खरं, कधीकधी चिडावं इतकी. १९५० मध्ये ती बुडता बुडता वाचली होती, बँकांनी अटी घातल्या, दीड-दोन हजार कामगार गेले, किइचिरोंना राजीनामा द्यावा लागला, आणि लगेचच कोरियाचं युद्ध सुरू होऊन अमेरिकन सैन्याने ट्रकच्या ऑर्डरी दिल्या म्हणून तरली. किइचिरो १९५२ मध्ये गेलेच. तेव्हापासून हातात रोकड ठेवायची आणि नवीन गोष्ट दहादा तपासल्याशिवाय गाडीत घालायची नाही ही सवय लागली ती लागलीच. म्हणून फीचरमध्ये कोरियन गाड्या पुढे दिसतात.

ऑकलंड : इथे जपानहून आलेली जुनी टोयोटा ॲक्वा हायब्रिड घेतलीय. बॅटरीची काळजी काय घेऊ? आणि गाडी चालू केली की एक बाई रोज जपानीत काहीतरी बोलते!

ताई, ती बाई टोलच्या कार्डबद्दल बोलते, कार्ड घातलेलं नाही असं सांगते. जपानच्या हायवेचं ते यंत्र आहे, तुमच्याकडे त्याचा काही उपयोग नाही, कुठलाही ऑटो इलेक्ट्रिशियन काढून देईल.

बॅटरी गार ठेवायला मागच्या सीटजवळून हवा ओढली जाते, तिथे जाळी दिसेल. त्या जाळीवर पिशव्या, मुलांचे स्वेटर टाकू नका आणि धूळ साफ करून घ्या, कुत्रा असेल तर जास्तच वेळा. गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नका, थोडी थोडी चालवत राहा. विकत घेतानाच हायब्रिड बॅटरीची तपासणी करून रिपोर्ट घेतला असता तर बरं होतं, घेतला नसेल तर आता करून घ्या.

छत्रपती संभाजीनगर : आमच्या इथे बिडकीनला होणाऱ्या टोयोटाच्या प्रकल्पात आयटीआयवाल्यांना नोकरी मिळेल का, अर्ज कुठे करायचा?

जुलै २०२४ मध्ये सरकारशी करार झाला तो सुमारे वीस हजार कोटींच्या गुंतवणुकीचा. भरतीची जाहिरात निघाली की कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवर येईल, तिथेच अर्ज करा. ‘आतून लावून देतो’ म्हणत पैसे मागणारा कुणी भेटला तर त्याला एक रुपया देऊ नका, तुमच्याच भागातून अशी दोन पत्रं आलीत.