पाणी बोअरचं, डाग घरभर: वाचकांचे प्रश्न

आम्ही घोडबंदर रोडला राहायला आल्यापासून नळांवर, काचांवर पांढरे डाग पडतात. सॉफ्टनर विकायला आलेल्या माणसाने टीडीएस मीटर बुडवून ४८० आकडा दाखवला आणि ‘पाणी फार जड आहे’ म्हणाला. घ्यावा का?
– एक वाचक, ठाणे

त्या आकड्यावरून तरी घेऊ नका. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते ते पाहतो आणि त्यावरून विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा अंदाज सांगतो. त्यात साधं मीठही आलं. डाग पाडतात ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. शाळेच्या पुस्तकात ज्याला दुष्फेन पाणी म्हणायचे, ते यांच्यामुळे. गंमत म्हणजे सॉफ्टनर बसवल्यावरही टीडीएस जवळजवळ तेवढाच राहतो, कारण तो कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडतो. म्हणजे ज्या मीटरने माल विकला, त्याच मीटरने तो चालतो की नाही हे कळणार नाही.

मोजायचं ते हार्डनेस, म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम, पाण्याचा जडपणा. त्यासाठी थेंबांचा किट मिळतो: ठरलेल्या मापाचं पाणी घ्यायचं, रंगाची पूड टाकायची, पाणी लालसर होतं, मग एकेक थेंब टाकत तो रंग पूर्ण निळा होईपर्यंत थेंब मोजायचे. एका थेंबाचे किती मिलिग्रॅम हे किटवर छापलेलं असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात हार्डनेसची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात.

एकाच नळाचं पाणी मोजून थांबू नका. भातसा किंवा मोरबे धरणातून येणारं पावसाचं पाणी मऊ असतं. जडपणा येतो तो बोअर आणि टँकरमधून. पालिकेच्या लाइनचं, बोअरचं आणि गच्चीवरच्या टाकीचं, असं तिन्ही वेगळं मोजा. टँकर येत असेल तर तो रिकामा होण्याआधी त्याचंही. बहुतेक वेळा टाकीत किती बोअर मिसळायचं एवढंच बदलून निम्मा प्रश्न सुटतो. समजा बोअर ६०० आणि पालिकेचं ५० आहे: निम्मं-निम्मं मिसळलं तर ३२५, एक भाग बोअरला तीन भाग पालिकेचं केलं तर १८७.

गीझर खडखड वाजतो, पाणी उशिरा तापतं. दोन वर्षांत दुसऱ्यांदा कॉइल जळाली. मेकॅनिक म्हणतो, कंपनी बदला.
– एक वाचक, खारघर

कंपनी बदलून पाणी बदलत नाही. जड पाण्यातलं बायकार्बोनेट तापलं की फुटतं आणि कॅल्शियम कार्बोनेट कॉइलवर बसतं. हा थर उष्णता नीट जाऊ देत नाही. बाहेरचं पाणी कोमट असतं आणि आतली कॉइल मात्र प्रमाणाबाहेर तापून फुटते. खडखड आवाज थराखाली अडकलेल्या पाण्याच्या वाफेचा आणि तळाशी जमलेल्या खपल्यांचा.

वॉरंटी असेल तर कंपनीचाच माणूस बोलवा. नसेल तर माहीतगार प्लंबरकडून पुढील क्रमाने करून घ्या, आणि तो करताना समोर उभे राहा. फक्त स्विच नव्हे, मीटरबोर्डातला एमसीबी (गीझरच्या लाइनचा मुख्य खटका) बंद. पाणी थंड होऊ द्या, इनलेटचा कॉक बंद करा, गरम पाण्याचा नळ उघडा आणि टाकी पूर्ण रिकामी करा. खालचं झाकण काढल्यावर वायरींचा फोटो काढा. फोटो काढायला लोक विसरतात आणि मग वायरी अंदाजाने जोडतात. फ्लँजचे, म्हणजे कॉइल जिच्यावर बसवलेली असते त्या चकतीचे, नट काढून कॉइल आणि ॲनोड रॉड बाहेर घ्या.

बादलीत ५ लिटर कोमट पाणी आणि २५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्व. त्यात कॉइल दोन-तीन तास बुडवा, पण वायरी जोडायची टोकं पाण्याबाहेर ठेवा. बुडबुडे येतात म्हणजे थर विरघळतोय. बुडबुडे थांबले आणि थर शिल्लक असेल, तर आम्ल संपलं आहे. नवं द्रावण करा. साधारण १०० ग्रॅम थराला १३० ग्रॅम सायट्रिक ॲसिड लागतं, त्यामुळे जाड थराला एक बादली पुरत नाही. पाणी उकळून घालू नका, नाहीतर कॅल्शियम सायट्रेट तयार होऊन पुन्हा पांढरा साका बसतो.

टाकीच्या आतल्या खपल्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने ओढा. स्क्रूड्रायव्हर घातला की आतला काचेचा लेप तडकतो आणि तिथून टाकी गंजायला लागते. टॉयलेट साफ करायचं ॲसिड तर टाकीजवळही आणू नका.

ॲनोड रॉड मॅग्नेशियमचा असतो आणि टाकीऐवजी स्वतः झिजतो. निम्म्याहून बारीक झाला किंवा आतली तार दिसू लागली की बदला. गॅस्केट प्रत्येक वेळी नवंच टाका, जुनं दाबून बसवलं की आठवड्यात ठिबकतं. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. मग आधी पाणी भरा, गरम नळातून हवा जाऊन सलग धार आली की मगच वीज सुरू करा. कोरड्या टाकीत कॉइल काही क्षणांत जाते, आणि ‘साफ केल्यावरच जळाली’ ही तक्रार बहुधा इथली असते.

पुढे थर्मोस्टॅट ५५ अंशांच्या आसपास ठेवा. ६० च्या वर थर झपाट्याने बसतो. बोअरच्या पाण्यावर वर्षातून एकदा गीझर उघडावाच लागतो.

नळावरचे डाग काढायला टॉयलेट क्लीनर वापरला. नळ काळपट पडले, कडप्प्याचा ओटाही फिकट झाला. परत चमक येईल?
– एक वाचक, नेरूळ

नळाची नाही, ॲसिडने क्रोम उतरला की उतरला. ओट्याला पॉलिशवाला लागेल. कडप्पा, कोटा आणि संगमरवर हे मुळात चुनखडीच्याच जातीचे दगड. डाग विरघळवणारं आम्ल दगडही विरघळवतं. त्यामुळे लिंबू, व्हिनेगर, सायट्रिक, यातलं काहीच त्यांवर नको. ग्रॅनाइट आणि टाइल्सना चालतं, फक्त सांध्यांतल्या सिमेंटवर फार वेळ ठेवू नका.

नळासाठी एक कप पाण्यात दोन चमचे सायट्रिक ॲसिड, त्यात फडकं भिजवून वीस मिनिटं गुंडाळा, मग धुवा. नळाच्या तोंडाची जाळी काढून त्याच पाण्यात टाका. आणि कोणतंही आम्ल ब्लीचबरोबर कधीच नाही: विषारी क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.

चाळीस फ्लॅटच्या इमारतीला सॉफ्टनर प्लांट बसवायचं कमिटीत चाललंय. हार्डनेस ४०० आहे. किती मोठा घ्यावा?
– सोसायटीचे एक सभासद, ठाणे

हिशेब करून पाहा. फ्लॅटला रोज ५०० लिटर धरले तर २०,००० लिटर, त्यात ८ किलो हार्डनेस. रेझिन म्हणजे प्लांटमधले कॅल्शियम धरून ठेवणारे बारीक मणी. एक लिटर रेझिन साधारण ५० ग्रॅम हार्डनेस धरतं, म्हणजे रोज एकदा रिजनरेट करायचं, म्हणजे मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा ताजं करायचं, तर १६० लिटर रेझिन. दर लिटर रेझिनला १५० ग्रॅम मीठ, म्हणजे रोज २४ किलो. प्लांटचं कोटेशन सगळे बघतात. मिठाच्या गोणी कोण उचलणार, हे कोणी विचारत नाही.

फ्लश आणि बागेला मऊ पाणी लागत नाही. बागेला तर सोडियम नडतं. हार्डनेस शून्यावर आणायचीही गरज नाही. तीन भाग मऊ आणि एक भाग मूळ मिसळून १०० वर ठेवलं, तर मीठ १८ किलोवर येतं. फ्लशची लाइन वेगळी असेल तर आणखी कमी. मीठ स्वच्छ घ्या. मातकट खडेमीठ रेझिन तुंबवतं.

एक अट मात्र ठेवाच: स्वयंपाकघरातला पिण्याचा नळ पालिकेच्या लाइनवर. ४०० हार्डनेस काढताना पाण्यात लिटरला सुमारे १८४ मिलिग्रॅम सोडियम येतं, रक्तदाबामुळे मीठ कमी करायला सांगितलेल्यांना ते नको. आणि बोअर खाडीलगतचं असून चवीला खारट लागत असेल, तर सॉफ्टनर खारटपणा काढत नाही.

पाणी मऊ करायला पाइपवर बांधायचं चुंबक घ्यावं का?
– एक वाचक, ऐरोली

नको. किटने आधी आणि नंतर मोजा, आकडा तोच येईल. थोडा फरक हवाच असेल, तर गीझरच्या इनलेटला पॉलिफॉस्फेटचं कार्ट्रिज लावा. ते हार्डनेस काढत नाही, थर बसू देण्यात अडथळा आणतं, आणि संपलं की बदलावं लागतं.

टँकरचं पाणी आलं की तुरीची डाळ पाच शिट्ट्यांतही शिजत नाही. डाळच जुनी आहे का?
– एक वाचक, कामोठे

जुनी डाळही अशीच वागते, पण टँकरच्या दिवशीच होत असेल तर पाणीच. डाळीचे कण एकत्र धरून ठेवणाऱ्या पेक्टिनला कॅल्शियम घट्ट करतं. भिजवायला आणि शिजवायला, दोन्हीला पालिकेचं किंवा फिल्टरचं पाणी घ्या. चिंच, टोमॅटो डाळ शिजल्यावरच घाला. अगदीच अडलं तर वाटीभर डाळीला चिमूटभर खायचा सोडा. जास्त घातलात तर डाळ साबणासारखी लागते.