प्रौढ साक्षरता वर्गात कोलाजचा खरंच उपयोग होतो का? आमचा वर्ग मालवणजवळच्या मच्छीमार वस्तीत आहे.

होतो, फक्त आधी चित्र, मग अक्षर. बिस्किटांचे पुडे, एसटीची तिकिटं, जुनी वर्तमानपत्रं आणायला सांगा. चिकटवायला मैद्याची खळ पुरते. 'तुमचा बाजाराचा दिवस चिकटवा' एवढंच म्हणा. चित्राबद्दल बाई बोलू लागली की तिच्या तोंडचे दोन-तीन शब्द खाली लिहा. ती 'बांगडो' म्हणाली तर 'बांगडो'च लिहा, कृपा करून 'बांगडा' करू नका! प्रमाण रूप नंतर शेजारी येईल. पुस्तकातल्या 'कमळ'पेक्षा हा शब्द तिला लवकर वाचता येतो, कारण तो तिचा आहे. मग मथळ्यांतून ब, ग, ड कापून तिलाच जुळवू द्या. काना, मात्रा, अनुस्वार पेनाने.

एक अडचण नक्की येईल. छापील मजकुरात 'ल' आणि 'श' दोन वळणांचे सापडतात. दोन्ही शेजारी चिकटवून दाखवा, नाहीतर शिकणारीला वाटतं आपलंच चुकलं. कामाला मात्र 'बालवाडीचं चिकटकाम' म्हणू नका, मोठ्या माणसांना ते लागतं.

सुरुवातीला १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी बरी, तेव्हा बायकांना थोडी उसंत असते.